लहान यंत्रांची भारपरीक्षा

रेल्वेचा नवा पूल बांधून पुरा झाला म्हणजे त्यावरून पहिल्याच दिवशीं उतारूंची गाडी सोडीत नाहींत. आधीं जड इंजिनें त्यावर आणून उभीं करतात, तीं मागें-पुढें चालवितात, आणि पूल किती लवला व भार निघून गेल्यावर तो पुन्हां मूळच्या पातळीस आला कीं नाहीं, हें मोजतात. या दोन प्रश्नांपैकीं दुसरा अधिक महत्त्वाचा. लवणें हा लोखंडाचा धर्मच आहे. पण लवलेला पूल परत वर आला नाहीं, तर त्यावर कोणीहि गाडी घालणार नाहीं.

संदेश वाहून नेणाऱ्या लहान गणकयंत्रांचीहि अशीच परीक्षा घ्यावी लागते. विजेचा मीटर, दारावरचा कॅमेरा, शेतांतील पंपाचा नियंत्रक अशा वस्तूंच्या पोटांत आज एक चिमुकलें गणकयंत्र बसविलेलें असतें व तें तारेनें किंवा बिनतारी मार्गानें जाळ्याशीं जोडलेलें असतें. त्याच्यावर मुद्दाम संदेशांचा भडिमार करावयाचा, दर सेकंदास किती मजकूर त्याच्यांतून पार होतो तें मोजावयाचें, आणि भडिमार थांबल्यावर तें शुद्धीवर येतें कीं नाहीं हें पाहावयाचें, याला आपण भारपरीक्षा म्हणूं. या परीक्षेचा पहिला मोठा प्रसंग १९७० सालच्या आरंभीं अमेरिकेंत लॉस एंजेलिस येथें घडला. त्या वेळीं जें उघडकीस आलें, तें अजूनहि प्रत्येक नव्या यंत्राच्या बाबतींत नव्यानें शिकावें लागतें. त्या प्रसंगाची हकीगत आज सांगावयाची आहे.

१९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या संरक्षण-खात्याची 'आर्पा' नांवाची शाखा विद्यापीठांतील गणकयंत्रांच्या संशोधनास पैसा पुरवीत असे. विद्यापीठांकडे मोठमोठीं यंत्रें होतीं, परंतु एकाची भाषा दुसऱ्यास कळत नसे. तीं सर्व एका जाळ्यांत ओवावीं, ही योजना लॉरेन्स रॉबर्ट्स यांच्याकडे सोंपविलेली होती. १९६७ सालीं ॲन आर्बर येथें त्यासाठीं बैठक भरली, तेव्हां विद्यापीठांची मंडळी कुरकुरूं लागली. आमचें यंत्र आधींच कामानें वांकलेलें आहे, त्यांत हें टपाल वाहण्याचें काम कोठें घालावें, असा त्यांचा सूर होता. त्यावर वेस्ली क्लार्क यांनीं तोड सुचविली. मोठ्या यंत्रांना या कामांत गुंतवूंच नये; प्रत्येक ठिकाणीं एक लहान गणकयंत्र निराळें ठेवावें, आणि टपाल घेणें, वाट ठरविणें व पुढें धाडणें एवढाच त्याचा धंदा असावा. या लहान यंत्राला पुढें 'इम्प' हें नांव पडलें.

'लहान' हा शब्द मात्र येथें सांभाळून घेतला पाहिजे. इम्प एका मोठ्या लोखंडी कपाटाएवढें असून त्याचें वजन ९०० पौंडांहून अधिक होतें. लहान होती ती त्याची स्मृति. हनीवेल कंपनीचें डी.डी.पी. ५१६ हें यंत्र या कामासाठीं घेतलेलें होतें, आणि त्यांत १६ बिटांचे १२ हजार शब्द मावत. आजच्या मापानें सांगावयाचें तर २४ किलोबाइट. त्यांतली सुमारें निम्मी जागा यंत्र चालविणाऱ्या आज्ञावलीनेंच अडविलेली. उरलेल्या निम्म्या जागेंत येणाऱ्या-जाणाऱ्या टपालाची सोय करावयाची. टपालाचें एक पुडकें जास्तींत जास्त सुमारें एक हजार बिटांचें असे. हिशेब करून पाहिलें तर त्या उरलेल्या जागेंत शंभरहि पुडकीं मावत नाहींत.

हें पुडकें म्हणजे काय, तें थोडें सांगावें लागेल. लांब निरोप अखंड न पाठवितां त्याचे तुकडे करून पाठवावे, ही कल्पना अमेरिकेंत पॉल बारन व ब्रिटनमध्यें डोनाल्ड डेव्हिस यांना स्वतंत्रपणें सुचली होती. तुकड्याला 'पॅकेट' हें नांव डेव्हिस यांनीं दिलें. इम्पच्या जाळ्यांत एका निरोपाचीं आठपर्यंत पुडकीं होत. प्रत्येक पुडकें आपापल्या वाटेनें निघे. वाटेंतील प्रत्येक इम्प तें उतरून घेई, तपासून पाही, व पुढच्या इम्पकडे धाडून देई. परंतु पुढून पोंच येईपर्यंत आपल्याजवळची प्रत टाकीत नसे. मुक्कामाच्या इम्पवर सगळीं पुडकीं जमलीं म्हणजे तीं क्रमानें लावून निरोप पुरा करावयाचा, मोठ्या यंत्राच्या हवालीं करावयाचा, आणि 'आतां पुढचा निरोप येऊं द्या' अशी सूचना उलट धाडावयाची. तारा सेकंदास ५० हजार बिट वाहून नेणाऱ्या होत्या. म्हणजे एक पुडकें तारेवर चढविण्यास सेकंदाचा पन्नासावा भाग लागे.

ही यंत्रें घडविण्याचा ठेका मॅसाच्युसेट्समधील बोल्ट, बेरानेक आणि न्यूमन या संस्थेला मिळाला. फ्रँक हार्ट हे प्रमुख. विल क्राउदर, डेव्ह वॉल्डन व बर्नी कोसेल हे आज्ञावली लिहिणारे. सेव्हेरो ऑर्नस्टाइन यंत्ररचना पाहणारे. आणि रॉबर्ट कान हे गणिती वळणाचे गृहस्थ. १९६९ च्या आरंभीं काम सुरू झालें आणि ऑगस्ट संपण्यापूर्वीं पहिलें इम्प लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत जाऊन उभें राहिलें. हा पहिला मान त्या विद्यापीठास मिळाला याचें कारण तेथील प्राध्यापक लिओनार्ड क्लाइनरॉक होत. संदेशांच्या रांगा कशा वाढतात व किती खोळंबतात याचें गणित त्यांनीं १९६२ सालच्या आपल्या प्रबंधांत मांडलें होतें. जाळ्याचें मोजमाप करणारें केंद्र त्यांच्याकडे सोंपविलें होतें. जाळें अजून विणावयाचें होतें, तरी तें मोजण्याची व्यवस्था आधींच झाली होती. मला या साऱ्या इतिहासांत ही गोष्ट विशेष वाटते. यंत्रांतसुद्धां मोजमापाची तरतूद होती. इम्प स्वतःच्या रांगांची नोंद ठेवी, ठराविक वेळीं आपल्या स्थितीचें चित्र काढून केंद्राकडे पाठवी, आणि सांगितल्यास खोटें टपाल निर्माण करून तेंहि जाळ्यांत सोडी.

२९ ऑक्टोबर १९६९ रोजीं रात्रीं या जाळ्यावरून पहिला निरोप गेला. लॉस एंजेलिसहून चार्ली क्लाइन हे सुमारें ३५० मैलांवरील स्टॅनफर्ड संशोधन-संस्थेच्या यंत्रांत 'लॉगिन' हा शब्द एकेक अक्षर करून धाडीत होते. एल् पोंचलें, ओ पोंचलें, आणि पलीकडचें यंत्र बंद पडलें. ही गोष्ट हंसण्यावारी सांगितली जाते. परंतु बंद पडण्याचें कारण फारसें कोणी सांगत नाहीं: पलीकडे आलेलीं अक्षरें ठेवण्यासाठीं राखलेली जागा अपुरी होती. ती वाढविल्यावर सुमारें तासाभरानें सर्व सुरळीत चाललें. तारेंत दोष नव्हता, पाठविणाऱ्याचाहि नव्हता. अडलें तें जागेसाठीं अडलें.

वर्षाअखेर जाळ्यांत चार ठिकाणें झालीं, आणि येथें रॉबर्ट कान यांचा प्रश्न पुढें येतो. कागदावर विचार करतांना त्यांना दिसलें होतें कीं, विशिष्ट परिस्थितींत हें जाळें मंदावणार नाहीं, तर साफ थिजून जाईल. तें त्यांनीं सहकाऱ्यांस सांगितलेंहि होतें. यंत्र लिहिणाऱ्या मंडळींना तें फारसें पटलें नाहीं. असा योग क्वचित् येईल, आला तर पाहून घेऊं, असें त्यांचें मत होतें. त्यांना दोष देणें आज सोपें आहे. नऊ महिन्यांच्या मुदतींत, पूर्वीं कोणीं केलें नाहीं असें काम त्यांनीं तडीस नेलें होतें. आणि प्रत्यक्ष जाळ्यावर टपाल इतकें तुरळक होतें कीं, थिजण्याचें चिन्हहि कोठें दिसत नव्हतें. मोठ्या यंत्रांवरील आज्ञावल्याच अजून तयार नव्हत्या, मग टपाल येणार कोठून? नेमकें याच कारणामुळें सहज वापरांतून हा वाद कधींच मिटला नसता.

१९७० च्या आरंभीं कान व वॉल्डन लॉस एंजेलिसला गेले. क्लाइनरॉक यांच्या केंद्रांत व्हिंटन सर्फ नांवाचे एक पदवीधर विद्यार्थी काम करीत होते. कान यांनीं कोणत्या प्रकारचें टपाल, किती वेगानें व कोठून कोठें सोडावयाचें तें सांगावें, आणि सर्फ यांनीं तें निर्माण करणारी आज्ञावली लिहावी, असा क्रम सुरू झाला. भडिमार सुरू झाल्यावर थोड्याच अवधींत जाळें थिजलें. कान यांनीं वर्तविलें होतें तसेंच थिजलें.

काय झालें तें दाखल्यानें सांगतों. यात्रेच्या गांवीं एक धर्मशाळा आहे असें समजा. तिचा नियम असा कीं, कुटुंबांतील सर्व माणसें येऊन पोंचल्याशिवाय कोणासहि दर्शनाला सोडावयाचें नाहीं. आणि आलेल्या माणसांनीं तोंवर खोलींतच बसून राहावयाचें. थोडीं कुटुंबें आलीं तर हा नियम उत्तम चालतो. परंतु एके दिवशीं पुष्कळ कुटुंबें एकदम निघालीं आणि वाटेंत सगळीं एकमेकांत मिसळलीं. या कुटुंबांतलीं पांच, त्या कुटुंबांतलीं सहा, अशी माणसें पुढें येऊन सर्व खोल्या भरून गेल्या. एकहि कुटुंब पुरें नाहीं, म्हणून एकहि खोली रिकामी होत नाहीं. जीं माणसें आलीं म्हणजे कुटुंब पुरें होईल, तीं दाराबाहेर उभीं आहेत. आणि खोली रिकामी नाहीं म्हणून त्यांना आंत घेतां येत नाहीं. त्यांच्या मागें रस्ता तुंबतो, त्यामागें शेजारचें गांव तुंबतें. सर्व दिवे लागलेले आहेत, सर्व माणसें जागीं आहेत, आणि कोणीहि पाऊल पुढें टाकूं शकत नाहीं.

मुक्कामाच्या इम्पमध्यें हेंच झालें. अर्धवट निरोपांनीं सगळे खण भरले. उरलेलीं पुडकीं शेजारच्या इम्पमध्यें अडकलीं. तेथेंहि पोंच न आल्यामुळें प्रती टाकतां येईनात. याचीच दुसरी एक जात कान व क्राउदर यांनीं पुढें वर्णिली आहे. घाटांत समोरासमोर येऊन ठाकलेल्या दोन बैलगाड्यांप्रमाणें, दोन शेजारी इम्प एकमेकांकडे जावयाच्या पुडक्यांनींच भरून जातात, आणि दुसऱ्याचें पुडकें उतरून घेण्यास कोणाजवळच खण उरत नाहीं.

भार वाढत जाईल तसा वाहतुकीचा वेग वाढेल, एका मर्यादेस पोंचल्यावर तेथेंच राहील, फार तर थोडा उतरेल, अशी सामान्य माणसाची समजूत असते. नळाचें पाणी तसेंच वागतें. पण ज्या यंत्राजवळ मोजकेच खण आहेत आणि जें काम पुरें झाल्याखेरीज खण सोडीत नाहीं, तें तसें वागत नाहीं. त्याचा वेग मर्यादेपर्यंत चढतो आणि मग एकदम शून्यावर येतो. शिवाय भडिमार थांबविला तरी तें शून्यावरच राहतें. पूल लवला, आणि वर आलाच नाहीं.

दोष दाखविणारे कान आणि ज्यांच्या आज्ञावलींत तो दोष होता ते क्राउदर, या दोघांनींच मिळून पुढें उपाय सांगणारा निबंध लिहिला व तो १९७२ सालीं प्रसिद्ध झाला. मला हें फार आवडतें. उपाय धर्मशाळेच्या भाषेंत असा: मोठ्या कुटुंबानें निघण्यापूर्वीं पत्र पाठवून खोल्या राखून ठेवाव्या. आठ पुडक्यांचा निरोप निघण्याआधीं मुक्कामाच्या इम्पला विचारावयाचें, जागा आहे काय? होकार आल्यावरच पुडकीं सोडावयाचीं. एका पुडक्याचा निरोप मात्र तसाच धाडावयाचा. जागा नसली तर पलीकडच्यानें तो टाकून द्यावा व जागा होतांच पुन्हां मागवावा. मूळ प्रत निघाल्या ठिकाणीं जपलेली असतेच.

एवढ्यावर प्रकरण मिटलें असें मानलें गेलें, आणि सुमारें वर्षभर तसें दिसलेंहि. मग १९७३ च्या डिसेंबरांत, नाताळच्या सुमारास, जाळें पुन्हां अडलें. या वेळीं कोणी परीक्षा घेत नव्हतें. निरनिराळ्या इम्पनीं आपापल्या स्थितीचीं चित्रें केंद्राकडे एकाच वेळीं पाठविलीं. ती सर्व चित्रें लॉस एंजेलिसच्या इम्पवर एकदम येऊन थडकलीं. पुडक्यांसाठीं खण राखलेले होते. परंतु पुडकीं जुळवून निरोप पुरा करण्यासाठीं स्मृतींतील आणखी एक लहानसा तुकडा लागे, आणि तो मोकळा उरला नव्हता. खोल्या राखल्या, पण वहींत नांव लिहावयास ओळ राहिली नाहीं! ज्या मोजमापासाठीं हें केंद्र काढलें होतें, त्याच मोजमापाच्या टपालानें हा दुसरा दोष बाहेर आणला. यंत्रकर्त्यांच्या बोलण्यांत हा प्रसंग 'नाताळची कोंडी' म्हणून राहून गेला.

दरम्यान सर्फ व कान यांनीं मे १९७४ मध्यें निरनिराळीं जाळीं एकमेकांस जोडण्याची पद्धति प्रसिद्ध केली. तिच्यांत घेणाऱ्यानें पाठविणाऱ्यास आपल्याजवळ किती जागा मोकळी आहे तें वरचेवर कळवावयाचें असतें. लॉस एंजेलिसची आठवण त्यामागें असेल असें म्हणण्याचा मोह होतो. निदान जागेचा विचार त्या दोघांच्या हाडींमासीं खिळलेला होता, एवढें खास.

मोजण्याचीं साधनें नंतर सुधारलीं. १९८४ सालीं माइक म्यूस व टेरी स्लॅटरी यांनीं 'टीटीसीपी' नांवाची एक छोटी आज्ञावली लिहिली. ती एका यंत्राच्या स्मृतींतून दुसऱ्याच्या स्मृतींत थेट मजकूर ओतते व किती वेळ लागला तें सांगते. चकतीवरून मजकूर वाचीत बसलें तर आपण जाळें मोजतों कीं चकती, हें कळत नाहीं. म्हणून चकतीला हात लावावयाचाच नाहीं. आज सर्रास वापरांत असलेली 'आयपर्फ' ही याच वंशांतली.

ऑक्टोबर १९८६ मध्यें एक विलक्षण आंकडा दिसला. बर्कली येथील लॉरेन्स प्रयोगशाळा व तेथील विद्यापीठ यांच्यांत अवघें ४०० यार्डांचें अंतर. त्यांना जोडणारी वाट इम्प यंत्रांतूनच जात होती. त्या वाटेवरील वाहतूक सेकंदास ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आली. ४० बिट म्हणजे पांच अक्षरें. दोन हजार अक्षरें कागदावर लिहून एखाद्या पोरानें तीं धांवत नेलीं असतीं, तर तो पोर जिंकला असता. व्हॅन जेकबसन यांनीं याचा छडा लावून १९८८ सालीं उपाय प्रसिद्ध केला. येथें कोंडी निराळ्या प्रकारची होती: पोंच उशिरां येते म्हणून पाठविणारे तेंच पुडकें पुनःपुन्हां धाडीत आणि गर्दींत आपणच भर घालीत. ती कथा स्वतंत्रपणें सांगण्यासारखी आहे. आपण आपल्या लहान यंत्रांकडे परत येऊं.

इम्प जाऊन आतां बराच काळ लोटला; मूळचें जाळें २८ फेब्रुवारी १९९० रोजीं अधिकृतपणें बंद झालें. पण मोजक्या खणांचा प्रश्न नखाएवढ्या चकतीवर पुन्हां जन्मास आला. २००१ सालीं स्वीडनमधील ॲडम डंकेल्स यांनीं सर्फ-कान पद्धतीची एक आटोपशीर आवृत्ति अशा यंत्रांसाठीं लिहिली. तिचें नांव 'एल्-डब्ल्यू-आयपी'. त्याहून लहान अशी त्यांची 'यू-आयपी' तर कांहींशें बाइटांच्या स्मृतींतहि चालते. त्यापुढें इम्पचे २४ किलोबाइट म्हणजे श्रीमंती म्हणावयाची!

यू-आयपी एवढ्या जागेंत बसते ती एका त्यागामुळें. ती एका वेळीं एकच पुडकें बाहेर सोडते आणि पोंच येईपर्यंत थांबते. हरवलें तर पुन्हां पाठविण्यासाठीं प्रती जपावयास तिच्याजवळ जागाच नाहीं. आतां गंमत पाहा. पलीकडचें मोठें गणकयंत्र काटकसरी असतें. एका पुडक्यासाठीं लगेच पोंच न देतां, आणखी एक पुडकें येतें काय म्हणून तें सेकंदाचा पांचवा भाग वाट पाहतें. दुसरें पुडकें येणारच नसतें. दोघेंहि एकमेकांची वाट पाहत स्वस्थ बसतात. हजार अक्षरांचें पुडकें असेल, तर सेकंदास पांच पुडकीं, म्हणजे पांच हजार अक्षरें. मग तारेची शक्ति कितीहि असो. भारपरीक्षेंत हा आंकडा पाहून नवशिका माणूस तारेला दोष देतो. डंकेल्स यांच्या संग्रहांत यावर एक मजेदार तोड आहे: पुडकें कापून त्याचीं दोन करावीं. दुसरें अर्धें पोंचतांच पलीकडचा ताबडतोब पोंच देतो. माल तेवढाच, पुडकीं दुप्पट, आणि वाहतूक पूर्वींहून कितीतरी वेगवान.

हल्लीं बहुतेकांच्या हातीं पडणारें यंत्र म्हणजे २०१४ सालीं आलेलें एस्प्रेसिफ कंपनीचें 'ईएसपी ८२६६' व त्याचीं भावंडें. या यंत्रांत मजकुरासाठीं सुमारें ८० किलोबाइट जागा असते आणि एल्-डब्ल्यू-आयपी हीच त्याची पद्धति. त्याची परीक्षा घेणारा शहाणा माणूस आयपर्फनें सेकंदास किती बिट गेले तें लिहून घेतो खरा, पण तेवढ्यावर उठत नाहीं. तो भडिमार रात्रभर चालू ठेवतो; एकाच ठिकाणाहून नव्हे, तर अनेक ठिकाणांहून एकदम; लांब निरोपांत आखूड निरोप मिसळून; आणि मधूनच एखादा निरोप अर्ध्यावर तोडून देऊन. एल्-डब्ल्यू-आयपी आपल्या प्रत्येक जातीच्या खणांची नोंद ठेवते: आतां किती वापरांत आहेत, जास्तींत जास्त किती लागले, आणि किती वेळां खण मागून मिळाला नाहीं. सकाळीं भडिमार थांबवून, सर्व जोडण्या सुटण्यास पुरेसा अवधि देऊन, तो पहिला आंकडा पाहतो. आदल्या संध्याकाळीं होता तेथें तो परत आला असेल, तर यंत्र कामावर जातें. एक जरी खण अडकून राहिला असेल, तर तो कोणीं धरून ठेवला आहे याचा शोध घेण्यास पुन्हां बसावें लागतें.